कुणाचा रे तू?

गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, “कुणाचा रे तू?” नाव नंतर. बापाचं नाव, वस्ती, आजोळ असं काहीतरी सांगून पोर उत्तर देतं आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याची खूण उमटते. मग त्याला गूळ मिळतो किंवा आंबे पाडल्याबद्दल शिव्या बसतात. काहीही मिळालं तरी ते पोर कुणाचं तरी असतं. मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात शिकवलं, आणि पाचवी ते आठवीच्या मुलांबद्दल माझ्या मनात सारखा हाच प्रश्न येत राहिला. शाळेच्या फाटकातून आत आल्यावर हे मूल कुणाचं असतं?

चौथीपर्यंत उत्तर सोपं असतं. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत एक किंवा दोन गुरुजी. त्यांना मुलाच्या आईचं माहेर ठाऊक असतं, घरची म्हैस कधी व्याली तेही ठाऊक असतं. चौथीतलं मूल त्या शाळेत सगळ्यांत मोठं असतं. ते परिपाठाला पुढे उभं राहतं, खिचडी वाढायला मदत करतं, पहिलीतल्या पोराला हाताला धरून रस्ता ओलांडून देतं. ओढ्यापलीकडून मोटरसायकलचा आवाज आला की गुरुजी आले हे सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. आणि जूनमध्ये तेच मूल साठ जणांच्या तुकडीत मागच्या बाकावर बसलेलं दिसतं. दिवसाला आठ तास, सहा-सात शिक्षक. घंटा झाली की एक माणूस जातो, दुसरा येतो. गणिताच्या सरांना ते गणितात कच्चं म्हणून माहीत, पीटीच्या सरांना बूट नसलेलं म्हणून माहीत. सगळं मिळून कुणालाच माहीत नाही. कुठे हा बदल पाचवीला होतो, कुठे सहावीला, सातवीपर्यंतची शाळा गावात असली तर आठवीला. वय मात्र तेच असतं, दहा ते तेरा. आवाज फुटतो, पाळी सुरू होते, आरशासमोरचा वेळ वाढतो, आणि घरच्यांपेक्षा बाकावरचा शेजारी काय म्हणतो ते जास्त लागायला लागतं. जे वय सर्वांत जास्त धरून ठेवण्याचं, त्याच वयात आपण हात सोडतो.

या वयाला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. सरकारी कागदात ‘उच्च प्राथमिक’, म्हणजे प्राथमिकचंच शेपूट. हायस्कुलात गेलं की दहावीची तयारी करणाऱ्या कारखान्याचा पहिला पट्टा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला खरा. पण शाळेत त्या टप्प्यासाठी वेगळं काय झालं असं विचारलं, तर पुस्तकं बदलली यापलीकडे कुणाला फार सांगता येत नाही. एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या सुमारे तीन लाख ऐंशी हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्वास्थ्याबद्दल विचारलं होतं. त्या पाहणीत शालेय जीवनाबद्दलचं समाधान मधल्या वर्गांकडून माध्यमिककडे जाताना उतरत गेलेलं दिसलं. आपण गळती मोजतो ती दाखला नेल्यावर. माझा अनुभव असा आहे की दाखला नेण्याच्या दोन-तीन वर्षं आधी मूल मनाने शाळा सोडून गेलेलं असतं. शरीराने ते वर्गात असतं, हजेरीला “हजर” म्हणतं, एवढंच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं, की आपलेपणा ही भावना म्हणून शिकवता येत नाही, ती शाळेच्या मांडणीतून येते. कोण कुठे बसतं, कुणाच्या हातात किल्ली असते, कुणाचं नाव कसं घेतलं जातं, कोण किती वर्षं सोबत राहतं, यावरून मूल ठरवतं की ही जागा आपली आहे की नाही. गॅदरिंगमधली भाषणं, भिंतीवरची सुविचारांची रंगरंगोटी, “आपली शाळा आपलं घर” असा फलक, यांनी ते ठरत नाही.

मांडणीतली सर्वांत वाईट गोष्ट पहिली घेतो. गुणांवरून पाडलेल्या तुकड्या. अनेक हायस्कुलांत पाचवीत प्रवेश घेताना चौथीचे गुण पाहतात, किंवा शाळाच छोटीशी परीक्षा घेते. वरची साठ ‘अ’, त्याखालची ‘ब’, आणि शेवटी ‘ड’. आता त्यात सेमी-इंग्रजीची भर पडली आहे, म्हणजे ‘अ’ सेमी आणि बाकी उरलेले. ‘अ’ला अनुभवी शिक्षक, समोरच्या इमारतीतला वर्ग, शिष्यवृत्तीचे जादा तास. ‘ड’ला नवा किंवा तासिका तत्त्वावरचा शिक्षक, आणि बहुधा मागची पत्र्याची खोली. पंधरा दिवसांत मुलांच्या तोंडी “आम्ही डवाले” हे शब्द येतात. दहा वर्षांच्या मुलाला आपण सांगितलेलं असतं की तुझी जागा ठरली, आणि पुढची सहा वर्षं तो ते खरं करून दाखवतो. ‘ड’ तुकडीत खोड्या जास्त, गैरहजेरी जास्त, म्हणून ती तुकडी वाईट असं आम्ही शिक्षकखोलीत म्हणायचो. खोड्या आणि गैरहजेरी आम्हीच जूनमध्ये यादी लावून वाटलेली असते, हे म्हणायला मला पंधरा वर्षं लागली.

शाळेच्या मांडणीची भाषा मुलाला किती स्पष्ट कळते याचं सर्वांत जळजळीत उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या शाळेत बाकीच्या मुलांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांना बसावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. गुणांवरच्या तुकडीची आणि त्या गोणपाटाची बरोबरी मी करत नाही, करणं पाप होईल. तो अन्याय माणूसपणच नाकारणारा होता. पण त्या आठवणीतून शिक्षकाने एक गोष्ट कायमची शिकायला हवी होती. मुलाला आठवतं ते कुठे बसवलं होतं आणि पाणी कुणी दिलं होतं हे. धडा कोणता चालू होता ते त्याच्या खूप नंतर आठवतं, किंवा आठवतही नाही.

त्याच साताऱ्यात चोवीस वर्षांनी, १९२४ साली, भाऊराव पाटलांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. त्या काळात जातवार वसतिगृहं पुष्कळ होती आणि त्यांनी मोठं कामही केलं. भाऊरावांनी केलं ते त्याच्या पुढचं होतं. सगळ्यांचं दळण एक, चूल एक, पंगत एक. पोरांनी स्वयंपाक करायचा, सरपण आणायचं, अंगण झाडायचं. समतेचं व्याख्यान रोज देऊन जे झालं नसतं, ते भाकऱ्या थापताना झालं असणार. कारण काम वाटून घेतलं की प्रत्येकाची गरज लागते, आणि ज्याची गरज लागते तो परका राहत नाही. वसतिगृह चालवायला पैसे नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आपण भाषणात सांगतो. पण त्यामागचा अर्थ शाळेच्या वेळापत्रकात उतरवत नाही.

याच काळात अमळनेरला दुसरा प्रयोग चालू होता. १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झालेले साने गुरुजी पुढे तिथल्या छात्रालयाचं काम पाहू लागले. मुलांच्या खोल्या झाडायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, आणि मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढायचे. शिकवणं आणि छात्रालय सांभाळून रोज हस्तलिखित दैनिक! आपल्याला त्यातली माया आठवते, आणि मग आपण म्हणतो, तसा माणूस आता कुठे मिळणार. मला त्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. घर सोडून आलेल्या मुलाला रोज सकाळी काहीतरी आपल्यासाठी लिहिलेलं मिळे. ते रोज मिळे, हीच त्यातली शिस्त. मायेला वेळापत्रक दिलं की ती एका संताची मालमत्ता राहत नाही, साधा माणूसही ती करू शकतो.

साधा माणूस काय करू शकतो याचं एक बाहेरचं उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या मॅडिसन शहरात अकरा शाळांतल्या सहावीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तिथे सहावीला मुलं नव्या शाळेत येतात. वर्षाच्या सुरुवातीला अर्ध्या मुलांना एका छोट्या लेखन-पाठात आदल्या वर्षीच्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. पहिल्या दिवसांत मलाही वाटायचं की इथे माझं कुणी नाही, परीक्षेची धास्ती वाटायची, पण हळूहळू जमलं, शिक्षकांनी मदत केली, अशा अर्थाचे. मग त्यांना स्वतःबद्दल लिहायला सांगितलं. बाकीच्या मुलांना दुसऱ्याच विषयावर लिहायला दिलं. वर्षभरात एवढं दोनदाच. वर्षाच्या शेवटी पहिल्या गटातल्या मुलांबाबत शिस्तभंगाच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी कमी, गैरहजेरी १२ टक्क्यांनी कमी आणि नापासाचे शेरे १८ टक्क्यांनी कमी आढळले. खर्च म्हणाल तर कागदाचा.

या प्रयोगाने मला हलवलं ते आकड्यांमुळे नव्हे. परकं वाटणारं मूल असं समजतं की फक्त मलाच असं वाटतंय, बाकी सगळे इथलेच आहेत. ही समजूत मोडणं हे अर्धं काम. आपल्या सहावीच्या मुलांकडून पाचवीच्या नव्या मुलांसाठी जूनमध्ये पत्रं लिहून घ्यायला कोणता शासन निर्णय लागतो? मराठीच्या पुस्तकात पत्रलेखन आहेच. “माझ्या मित्रास सहलीचे वर्णन” असं पत्र, जे कुणालाच पोचत नाही, त्याऐवजी हे खरं पत्र लिहू दे. एसटी चुकली तर काय करायचं, कोणत्या बाईंना पाळीबद्दल सांगता येतं, कोणत्या नळाला दुपारी पाणी असतं, मधल्या सुट्टीत एकटं वाटलं तर ग्रंथालय उघडं असतं का. मी अशी पत्रं एका वर्षी लिहून घेतली. एका मुलीने फक्त तीन ओळी लिहिल्या होत्या. तिसरी अशी होती, “पहिला महिना मी डबा संडासामागं बसून खाल्ला, तू आमच्यात ये.”

मांडणीतली दुसरी गोष्ट भाषेची. धुळे-जळगावकडचं पोर बोलण्याच्या ओघात “मना बाप” म्हणालं की तालुक्याच्या वर्गात हसू फुटतं. मराठवाड्यातलं पोर “मह्या” म्हणतं, त्यालाही हसतात. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या, गडचिरोलीतल्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांची तर घरची भाषाच वेगळी. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि शिक्षक तिला ‘शुद्ध’ म्हणतात. म्हणजे घरची अशुद्ध. आईच्या तोंडची भाषा अशुद्ध ठरवल्यावर त्या मुलाने शाळेला आपलं कसं म्हणायचं? प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, मी आयुष्यभर तेच केलं. पण फळ्यावर दोन रकाने करून “घरी असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात” एवढं केलं तरी हसू थांबतं. दोन महिन्यांनी तेच मूल उलट बाकीच्यांना आपले शब्द शिकवायला लागतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सर्वांत कठीण प्रश्न ऊसतोडीच्या मुलांचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते, म्हणजे ऊसतोडणी करणारी जोडपी, निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, मागे पोराला सांभाळायला कुणी नसतं. हंगामी वसतिगृहं आहेत, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. कागदावर मूल दोन्हीकडे आहे. प्रत्यक्षात कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ते “टोळीची पोरं” म्हणून मागे बसतं. त्याचं पुस्तक वेगळ्या पानावर, त्याच्याशी मैत्री करण्यात कुणाला अर्थ वाटत नाही, कारण ते जाणारच आहे. आणि पाडव्याला गावी परततं तेव्हा आपल्या वर्गात त्याच्या बाकावर दुसरं कुणीतरी असतं. सहावी-सातवीनंतर हे पोर, विशेषतः मुलगा, कोयता हातात घेण्याच्या वयाचा झाला असं घरी वाटू लागतं. त्याला धरून ठेवायला शाळेजवळ तेव्हा एकच गोष्ट असते, कुणीतरी त्याची वाट पाहत होतं ही. एका वर्षी आमच्या वर्गातल्या मुलांनी गेलेल्या तिघांची नावं फळा पुसण्याच्या पाळीपत्रकात तशीच ठेवली. त्यांच्या वारी दुसरे पुसायचे आणि पुढे लिहायचे, “याच्या बदली.” परत आल्यावर त्यातला एक जण पाळीपत्रकासमोर बराच वेळ उभा होता. तो दहावीपर्यंत टिकला. बाकीचे दोघे नाही टिकले. पाळीपत्रकाने गरिबी जात नाही, हेही मला सांगितलं पाहिजे.

मग करायचं काय? मला तीन-चार गोष्टी सुचतात, पण त्यातली एक बाकीच्यांपेक्षा फार मोठी आहे, म्हणून तिच्यावरच थांबतो. पाचवी किंवा सहावीला मिळालेला वर्गशिक्षक आठवीपर्यंत तोच राहू द्या. विषय बदलतील, बाकी शिक्षक बदलतील, पण हजेरी घेणारा, घरी जाऊन येणारा, प्रगतिपुस्तकावर सही करणारा माणूस तीन-चार वर्षं एकच. आज वर्गशिक्षक दरवर्षी बदलतो. एप्रिलपर्यंत कुठे त्याला कळायला लागतं की अमकीचे वडील पितात आणि तमका चष्मा नाही म्हणून वाचत नाही. मे महिन्यात ते सगळं पुसलं जातं. जूनमध्ये नवा माणूस पुन्हा शून्यापासून, “उभा राहा, नाव काय तुझं?” हे शून्यापासून सुरू होणं मुलं चार-चार वेळा सोसतात. तिसऱ्या वेळी ती स्वतःबद्दल सांगणंच बंद करतात.

यावर माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप मी ऐकले आहेत, आणि ते खोटे नाहीत. एखादा शिक्षक वाईटच निघाला तर? तर मुलं चार वर्षं अडकतील. म्हणून मुलाला आणि पालकाला वर्ग बदलून मागण्याची वाट मोकळी असली पाहिजे, आणि मुख्याध्यापकाने कारण न विचारता ती द्यावी. दुसरा आक्षेप कामाचा आहे. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, यातून वर्गशिक्षकाला वेळ कुठे? हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पण तो वर्गशिक्षक दरवर्षी बदलण्याच्या बाजूने जात नाही, उलट जातो. ज्याला वेळ कमी आहे त्याला दरवर्षी साठ नवी मुलं देणं ही दुप्पट शिक्षा आहे. शिक्षणहक्क कायद्यात उच्च प्राथमिकसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण लिहिलेलं आहे. साठांच्या तुकड्या हा त्या कायद्याचाच भंग आहे, आणि तिथे समाजाने सरकारशी भांडायला हवं.

तिसरा आक्षेप पालकांचा, गुणांवरच्या तुकड्या मोडण्यावरचा, आणि तो सर्वांत चिवट. तुकड्या मिसळल्या तर हुशार मूल मागे पडेल. जो बाप दोन एकरांवर पोराला शिकवतोय त्याला ‘अ’ तुकडी म्हणजे एकमेव शिडी वाटते, त्याला दोष देण्याचं धाडस मला होत नाही. त्याला मी एवढंच सांगेन. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं तेव्हा भांडणं पेटली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट आरोन्सन यांनी पाचवीच्या वर्गात धडाच वाटून दिला. गटातल्या प्रत्येकाकडे धड्याचा एकच तुकडा, आणि बाकीच्यांना तो त्याच्याकडूनच समजून घ्यावा लागे. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याचं बोलणं आता सगळ्यांना ऐकावं लागलं. त्यात हुशार मुलं मागे पडली नाहीत. ज्याने समजावून सांगितलं त्याला जास्त कळतं, हे तर कोणताही शिक्षक सांगेल. आठवीच्या गणिताला वेगवेगळे गट लागले तर त्या एका तासापुरते जरूर करावेत. पण ज्या वर्गात हजेरी होते, डबा खाल्ला जातो, तो वर्ग सरमिसळ हवा.

“आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? छड्या खाऊन शिकलो आम्ही,” असंही म्हणतात. म्हणणारे शिकले ते. जे शिकले नाहीत ते आज हे म्हणायला सभागृहात नाहीत, बांधावर आहेत.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी आम्ही शिक्षकखोलीत एक गोष्ट केली. पाचवी ते आठवीच्या सगळ्या मुलांची नावं मोठ्या कागदांवर लिहून भिंतीला लावली. प्रत्येक शिक्षकाने, ज्या मुलाबद्दल आपल्याला गुणांपलीकडचं काही ठाऊक आहे, त्याच्या नावापुढे खूण करायची. तासाभराने आम्ही लांब उभे राहून पाहिलं. काही नावांपुढे सात-सात खुणा होत्या. ही वक्तृत्वातली, खेळातली आणि फार खोड्या काढणारी मुलं. आणि काही नावांपुढे एकही खूण नव्हती. ही मुलं शांत होती, मधल्या गुणांची होती, त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नव्हता. त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी होती. ती दोन वर्षं माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होती. मला तिचं हस्ताक्षर आठवत होतं, बाकी काहीच नाही.

त्या दिवशी प्रत्येकाने बिनखुणांची पाच-पाच नावं वाटून घेतली. काही मोठं करायचं नव्हतं. आठवड्यातून दोनदा त्या मुलाशी अभ्यासाव्यतिरिक्त एक वाक्य बोलायचं. माझ्या वाट्याला तीही आली. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की ती सकाळी चार वाजता उठून आईबरोबर फुलं तोडते आणि मग पहिल्या एसटीने येते, म्हणून पहिल्या तासाला तिचे डोळे मिटतात. मी तिला दोन वर्षं आळशी समजत होतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर नव्या पाचवीच्या तुकड्यांची यादी तयार होते. यंदा ती करताना गुणपत्रिका कपाटात ठेवावी. एका वाडीतून आलेल्या दोघा-तिघांना एकाच तुकडीत टाकावं, म्हणजे पहिल्या दिवशी बाकावर एक तरी ओळखीचा चेहरा असेल. आणि यादीच्या वर, तुकडीच्या अक्षराच्या जागी, पुढची चार वर्षं ती मुलं ज्यांची असतील त्या बाईंचं किंवा सरांचं नाव लिहावं.